उलट्या टांगलेल्या कणग्या

माझ्या पोरांनो,

गेल्या रविवारी थोरलीनं मला फोनवर एक फोटो पाठवला. तिच्या शहराबाहेरच्या एका बागेत झाडावर उंच एक पोकळ ओंडका बांधलेला आहे, त्याला छोटंसं भोक आहे आणि आत मधमाश्या राहतात. खाली तिनं लिहिलं होतं, ‘आजी, ही इथली नवीन पद्धत. रानात माश्या जशा राहतात तसंच त्यांना राहू द्यायचं. पेटी सारखी उघडायची नाही, साखर घालायची नाही.’ मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि एकटीच हसत बसले. तुमचे आजोबा असते तर त्यांनी अख्ख्या गल्लीला बोलावून तो दाखवला असता.

कारण हे काम आपल्या गावानं तुमचे आईबाबा कॉलेजात होते तेव्हाच केलेलं आहे. ओंडक्याच्या ऐवजी आमच्याकडे कणगी होती, एवढाच फरक. तुम्हा दोघांना हे कुणी सांगितलं नाही, कारण ज्यांनी सांगायचं त्यातल्या बहुतेक बायका आता नाहीत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं आहे, हातही अजून थरथरत नाही. म्हणून आता लिहून ठेवते. मी क्रमानं सांगणार आहे. आयुष्यभर हायस्कूलमध्ये इंग्रजीचं व्याकरण शिकवलं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मला सांगता येत नाही.

आपलं गाव परळी तालुक्यात, बाजार सिरसाळ्याचा. गावाच्या कडेला आपली बौद्ध वस्ती, मध्ये विहार, पलीकडे मराठ्यांची घरं. त्या काळात दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले होते. प्यायचं पाणी टँकरनं येई, जनावरं चारा छावणीत होती. दरवर्षी दिवाळी झाली की वस्तीतली निम्मी माणसं ऊसतोडीला निघून जात. पोरं बरोबर जात आणि माझे वर्ग रिकामे होत. ते थांबावं म्हणून गावातल्या काही बायकांनी मिळून एक सोसायटी काढली. आपल्या वस्तीतल्या बायका होत्या, तशा मराठ्यांच्या घरातल्याही होत्या. चेअरमनसाहेबांची बायकोसुद्धा होती. तिला सगळे अक्का म्हणायचे. मला लिहितावाचता येतं म्हणून मला सचिव केलं.

चेअरमनसाहेब म्हणजे गावातल्या मोठ्या, पुरुषांच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्या सोसायटीची एक विहीर होती आणि विहिरीला लागून थोडी जमीन. विहिरीला अजून पाणी होतं, ही त्या दुष्काळातली मोठी गोष्ट. अक्कानं घरात काय सांगितलं, किती दिवस अबोला धरला ते मला माहीत नाही, पण ती जमीन आणि पाण्याचा एक वाटा आम्हाला मिळाला. आम्ही तिथं कांद्याचं बी घ्यायचं ठरवलं. उसासारखं पाणी त्याला लागत नाही, आणि पिकलं तर बियाण्याला मागणी असते.

कांद्याचं बी कसं होतं ते सांगते. निवडलेले कांदे लावायचे. त्यांना पोकळ दांडे फुटतात आणि फाल्गुनात प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढरा गोल गोंडा येतो. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं. एका फुलातले परागकण दुसऱ्यावर पोचले तरच आत काळं बी भरतं, नाहीतर नुसतं टरफल. हे काम वाऱ्याला नीट जमत नाही. माशीच लागते.

म्हणून पहिल्या हंगामात जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक प्रशिक्षक आले. चांगला, मनापासून काम करणारा माणूस. त्यांनी लाकडी पेट्या आणल्या, त्यात सातेरी माश्यांच्या वसाहती होत्या. सातेरी म्हणजे आपल्याकडची पोकळीत, अंधारात राहणारी माशी. झाडाला उघडी लोंबते ती आग्या वेगळी. पेट्या बांधावर एका ओळीत, लोखंडी स्टँडवर मांडल्या. दर आठवड्याला झाकण काढून चौकटी तपासायच्या, फुलं कमी असली तर साखरेचा पाक ठेवायचा, असं आम्हाला शिकवलं. आम्ही तसंच केलं. पण ऊन असं होतं की पेटीच्या फळीला हात लावला तर चटका बसे. गोंडे पुरते उमलायच्या आधीच एकेक पेटी रिकामी झाली. मेल्या नाहीत, उठून गेल्या. सकाळी पेटी भरलेली, दुपारी आत नुसती कोरडी पोळी.

मग आम्ही हातांनी प्रयत्न केला. सकाळी सगळ्या जणी ओळींतून चालायच्या आणि तळव्यानं एका गोंड्यावरून दुसऱ्या गोंड्यावर हात फिरवायच्या. ‘लेकराच्या टकुऱ्यावर हात फिरवावा तसं फिरवायलाव,’ असं एकजण म्हणायची. हातांना महिनाभर कांद्याचा वास होता. बी मात्र बहुतेक पोचट निघालं.

चेअरमनसाहेब मोसंबीची बाग राखून होते, तीही त्याच विहिरीच्या पाण्यावर. बापाच्या हातची झाडं, आणि ती वाळत चालली होती. ते आमच्या बैठकीला आले, विहाराच्या ओसरीवर. गावातली तेवढीच एक सावलीची, सगळ्यांना बसता येईल अशी जागा होती, म्हणून बैठक तिथं व्हायची. तिथं याआधी ते कधी बसले नव्हते. बसताना त्यांनी चपला काढल्या, ते मी पाहिलं.

“मॅडम,” ते मला म्हणाले, “तुमचं बी पोचट निघालं, आन् माजी झाडं उभ्यानं वाळायलीत. झाड एकदा गेलं की परत येत न्हाई. म्या काय करावं, तुमीच सांगा.”

“अजून एक हंगाम द्या,” मी म्हणाले.

“एक देतो. बी भरलं तर पाणी तुमचं, म्या त्वांडातून शब्द काढणार न्हाई. पोचट निघालं तर समदं पाणी बागेला.”

अक्का मागून म्हणाली, “घरी बोलायचं ते हितं बोलायलेत. घरी आवाज न्हाई निघत.”

सगळ्या हसल्या, तेही थोडे हसले. पण शब्द दिला गेला होता. पाणी गेलं की जमीन कोरडी, आणि जमीन कोरडी की दिवाळीनंतर बायका पुन्हा कोयता घेऊन उसाला जाणार, पोरांना घेऊन. माझ्या डोळ्यांपुढे माझे वर्ग होते. बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे उसाच्या फडातली पाचटाची झोपडी, कोपी, होती.

त्याच उन्हाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट झाली.

कणगी तुम्ही पाहिलेली नाही. तुराट्या आणि निरगुडीच्या फोका विणून उंच टोपली करायची, आतून-बाहेरून शेणामातीनं जाड लिंपायची, आणि तिच्यात ज्वारी साठवायची. डाळीसाठी, बियाण्यासाठी लहान कणगी असते, कडेवर घेता येईल एवढी. आपल्या घराच्या मागच्या छपरात अशी एक डाळीची कणगी होती. दुष्काळानं ती रिकामी झालेली, मांजरानं आडवी पाडलेली. उंदरानं तिला पूर्वीच एक भोक पाडून तळचे दाणेही नेले होते. तुमच्या आजोबांच्या आई, माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. त्या एका दुपारी मला म्हणाल्या, “ती कणगी उचलू नको गं. तिच्यात माश्या शिरल्यात.”

मी पाहिलं. उंदराच्या भोकातून सातेरी माश्या शिस्तीनं आत-बाहेर करत होत्या. कणगीच्या तोंडाला भिंत लागलेली, त्यामुळे ते बंद झालेलं. वैशाख चालू होता. आमच्या पेट्या केव्हाच ओस पडल्या होत्या आणि या इथं, पत्र्याच्या छपराखाली, कुणी पाक घातला नाही, कुणी चौकटी तपासल्या नाहीत, तरी नांदत होत्या.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला. रिकामी पेटी तिथंच छपरात ठेवून तिच्यात तो दुपारभर लटकवला. मग आमच्या दुसऱ्या रिकाम्या कणगीत. पेटीतला पारा चढतच गेला. कणगीतला जेमतेम हलला. बोटभर जाड माती, आत काड्यांचं विणकाम, त्यात अडकलेली हवा. उन्हाला आत जायला वाटच नाही.

मग मला दुसरा प्रश्न पडला: ज्यांना माणसानं काहीच दिलेलं नाही त्या माश्या कुठे राहतात? पुढचे कितीतरी रविवार तुमचे आजोबा मला स्कूटरवर मागे बसवून फिरले. ओढ्याकाठच्या लिंबाची ढोली, धर्मापुरीच्या वाटेवरच्या एका बारवेच्या दगडांमधली फट, बालाघाटाच्या उतारावर एक पोकळ झाड. “लोक बायकोला शिणिमाला नेतात,” ते वाटेत भेटेल त्याला सांगायचे, “मी बारव दाखवायला आणलीय.” पण भोकं शोधण्यात त्यांचाच डोळा माझ्यापेक्षा तीक्ष्ण होता.

सगळीकडे आम्हाला एकच गोष्ट दिसली. जागा उंचावर, जाड भिंतीची, अंधारी. दार बोटाएवढं. एक घर इथं तर दुसरं पार तिकडे. ओळीत, शेजारीशेजारी कुठेही नाही. आणि आत डोकावणारं कुणी नाही.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, आपण पेट्या परत देऊ आणि झाडांवर कणग्या टांगू. आत थोडं जुनं मेण चोळू, वास येईल. माश्या विकत आणायच्या नाहीत. त्यांना वाटलं तर त्या येतील. राहिल्या तर आपलं काम होईल, आणि मध त्यांचा.

प्रशिक्षक आले होते. त्यांना वाईट वाटलं, पण राग आला नाही. ते म्हणाले, “मॅडम, कणगीत आत काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही. रोग पडला, राणी मेली, काहीच दिसणार नाही. मध काढायचा तर पोळं तोडावं लागेल.”

“खरं आहे,” मी म्हणाले. “पण शेजारणीचा संसार कसा चाललाय हे बघायला मी दर आठवड्याला तिच्या घरावरचे पत्रे काढत नाही. दारातून कोण आलं, कोण गेलं, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. आणि मधाचं म्हणाल तर...”

अक्कानं माझं वाक्य पुरं केलं. “मध मेला तिकडं. आमाला बी पायजे, साहेब, बी!”

ते हसले. म्हणाले, “मग माझं काही म्हणणं नाही. मला आजवर सगळ्यांनी मधच मागितला. बी मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

कणग्यांना तोटा नव्हता. तळाचे पसाभर दाणे सोडले तर दुष्काळानं घरोघरी त्या रिकाम्याच होत्या. अडचण निघाली ती वेगळीच. कणगी टांगायची ती पालथी, तोंड खाली करून. बूड वर गेलं की त्याचा आतून घुमट होतो आणि माश्या घुमटाला पोळी लावत खाली उतरतात. खालच्या तोंडाला फळी बसवून लिंपायची, वेळ पडली तर तेवढीच काढता येते, आणि बाजूला बोटाएवढं भोक ठेवायचं. पण आमच्याकडे कणगी पालथी घालत नाहीत. रिकामीही ठेवत नाहीत. पेरणीपर्यंत तळाला पसाभर ज्वारी ठेवायचीच. हे बौद्ध वस्तीत पाळत, तसं मराठ्यांच्या आळीतही पाळत. त्याबाबतीत गाव एक होतं.

“रिकामी, आन् वर पालथी,” आत्याबाई म्हणाल्या. “आधीच दुष्काळ काय कमी हाय?”

“आत्याबाई, बाबासाहेबांनी आपल्याला काय सांगितलं?”

“त्यांनी समदं सांगितलं. कणगीचं काय सांगितलं, दाखीव.”

तिथं मी हरले. तरी शेवटी त्यांनीच छपरातली दुसरी कणगी काढून दिली, आणि तिला नवं लिंपणही स्वतः केलं. बाकीच्या जणींनीही आपापली आणली. दिवाळीपर्यंत विहिरीच्या चारी बाजूंना, लिंबांवर, बाभळींवर, एकमेकींपासून लांब लांब कणग्या लागल्या. चेअरमनसाहेबांच्या बांधावरच्या मोठ्या लिंबावरही एक लागली. ती आपल्या वस्तीतली होती. अक्कानं परवानगी विचारली नाही.

आता फक्त वाट पाहायची होती. उसाची टोळी नेणारा मुकादम येऊन गेला. आमच्या सोसायटीतली एकही बाई त्याच्याबरोबर गेली नाही. हे धाडस होतं, कारण कांदे लावले होते पण माश्या एकाही कणगीत नव्हत्या.

मार्गशीर्षात चेअरमनसाहेबांच्या बांधावरच्या कणगीत थवा शिरला. बातमी गावभर झाली. आम्ही सगळ्या जाऊन लांबून बघून आलो. चार दिवसांनी तो थवा निघून गेला. मग ओढ्याकाठच्या बाभळीवर एक आला, तोही गेला. तिसरा नुसता भोकाशी घोटाळला आणि उडाला. लिंबाखाली बसलेले चेअरमनसाहेबांचे दोस्त म्हणायला लागले, “माश्यांनाबी भाडं परवडंना काय बे?” अक्का त्या वाटेनं जायची बंद झाली.

मला काही समजेना. जाडी तीच, अंधार तोच, उंची चांगली. घरातल्या कणगीत राहतात आणि इथं का राहत नाहीत? शेवटी मी बांधावरची कणगी खाली उतरवायला लावली. दोरीवरून मुंग्यांची जाड रांग थेट भोकात जात होती. फळी काढली. आत मुंग्यांचा बुजबुजाट, आणि लिंपणात खोचलेली एक लहानशी पुरचुंडी. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली ज्वारी.

कणगी जिची होती ती समोरच उभी होती. “म्या न्हाई ठिवली,” ती म्हणाली. कुणी विचारायच्या आधीच म्हणाली.

मी दुसरी उतरवली. त्यातही पुरचुंडी. तिसरीत, चौथीत. एकही कणगी अशी निघाली नाही की जिच्यात कुणीतरी चिमूटभर, मूठभर धान्य लपवलेलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं होतं, बाकीच्यांनी पाळलं नाही तर नाही, आपल्या घरची कणगी तरी रिकामी राहू नये. आणि प्रत्येकीनं ते माझ्यापासून लपवलं होतं.

“कावून गं असं केलं?” अक्का एकीवर ओरडली.

“तुमच्या कणगीतबी हाय की, अक्का. वर गव्हाची हाय. श्रीमंताची.”

अक्कानं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. मग सगळ्या हसत सुटल्या, पार खाली बसेपर्यंत. मीही हसले, दुसरं करणार काय?

शेवटची कणगी आमची. तिच्यातली पुरचुंडी सगळ्यांत मोठी होती. मी ती घेऊन घरी गेले आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी ती उलगडून बघितली. “भुंगे लागलेत,” त्या म्हणाल्या. “चांगली ज्वारी वाया घातली.”

“कुणी?”

“मुंग्यांनी.”

त्या संध्याकाळी विहाराच्या ओसरीवर बायका बसल्या. मी सांगून टाकलं की धान्य आत असेल तोवर मुंग्या येणार, उंदीर येणार, आणि माशी काही तिथं राहणार नाही. सगळ्यांना पटलं होतं, पण कणगी साफ रिकामी करून पालथी टांगायला एकीचाही हात पुढे होईना. मला भीती वाटली की हे इथंच अडणार. पौष सरत आला होता. कांद्याचे दांडे फुटायला आले होते.

तेव्हा आत्याबाई बोलल्या. त्या बैठकीला कधी येत नसत, त्या दिवशी काठी टेकत आल्या होत्या. “आत मेण चोळलंय का न्हाई?”

“चोळलंय.”

“मेण कुणाच्या कष्टाचं?”

“माश्यांच्या.”

“मंग रिकामी कुटं हाय? माणसाच्या कणगीत माणसाचं दाणं, माशीच्या कणगीत माशीचं मेण. आता ती कणगी आपली न्हाईच, त्यांची हाय. त्यांच्या घरात आपली ज्वारी कावून कोंबायची? पावण्याच्या घरात जाऊन चुलीवर आपलं भांडं ठिवतो का आपण?”

मग अक्का म्हणाली, “बरोबर हाय म्हातारीचं,” आणि उठलीच. दुसऱ्या दिवशी सगळ्या कणग्या झाडून, उन्हात तापवून, नव्यानं मेण चोळून पुन्हा टांगल्या. दोऱ्यांना एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, मुंगी चढू नये म्हणून. विहिरीच्या काठावर एका पसरट लोखंडी पाटीत पोतं भिजत ठेवलं. त्या वर्षी मैलभरात उघडं पाणी दुसरं नव्हतं.

माघात पहिला थवा आला. तो परत बांधावरच्याच कणगीत शिरला. आम्ही आता शहाण्या झालो होतो, कुणी बघायला गेलं नाही. बातमीसुद्धा हळू आवाजात फिरली. पाण्याच्या पोत्यावर माश्या दिसू लागल्या. मग दुसरी कणगी भरली, मग ओढ्याकाठची. पुढे पुढे तर शाळेतून येताना बाया रस्त्यातच मला गाठायच्या आणि कानाशी म्हणायच्या, “बाई, माजी लागली.” एखादीला दिवस गेल्याची बातमी द्यावी तशी.

फाल्गुनात गोंडे उमलले. तुम्हाला मी काय सांगू! कांद्याचं फूल माशीला फारसं आवडत नाही, शेजारी करडई किंवा सूर्यफूल असलं तर ती तिकडेच जाते. पण त्या वर्षी शेजारी काही उगवलंच नव्हतं. आमच्या पोटावर पाय देणारा दुष्काळ त्या एका महिन्यापुरता आमच्या बाजूनं होता. सकाळी वावरात पाऊल टाकलं की सगळं रान घुमत असे. पांढऱ्याशुभ्र गोंड्यांवर माश्या अशा दाट असत की वाऱ्यानं दांडा हलला की माश्यांसकट हले. बायका बांधावर उकिडव्या बसून नुसत्या ऐकायच्या. मागच्या वर्षी तळवे फिरवून फिरवून ज्यांच्या हातांना कांद्याचा वास बसला होता, त्या आता हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“काम करायलेत बगा,” एकजण म्हणाली. “मुकादम न्हाई, उचल न्हाई, कुणाची शिवी न्हाई.”

चैत्रात गोंडे वाळले. कापणीच्या दिवशी चेअरमनसाहेब आले, प्रशिक्षकांनाही आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. चेअरमनसाहेबांनी स्वतः वावरात शिरून पाच-सहा गोंडे वेगवेगळ्या ओळींतून तोडले, तळव्यावर चोळले, फुंकर मारली. तळव्यावर काळं बी उरलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पाण्यानं भरलेला पितळी तांब्या मागितला. भरलेलं बी पाण्यात बुडतं, पोचट वर तरंगतं. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. त्यांनी बी तांब्यात टाकलं, बोटानं ढवळलं.

आम्ही सगळ्या तांब्याभोवती वाकलो. चार-दोन दाणे वर राहिले. बाकी सगळं बी फिरत फिरत तळाला गेलं.

अक्का नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. बाकी सगळ्या अक्काच्या तोंडाकडे.

“बुडलं,” चेअरमनसाहेब म्हणाले.

“कोण?” अक्कानं विचारलं.

मग जो गलका उठला तो विहिरीपलीकडच्या वस्तीपर्यंत गेला असेल. कुणी तांब्या उचलून डोक्यावर घेतला, कुणी प्रशिक्षकांच्या हातात गोंडे कोंबले. ते म्हणत होते, “मला एक कणगी द्या. मला ही तिकडे दाखवायची आहे.” आत्याबाई बाजेवर बसल्या होत्या, त्यांना एकीनं ओंजळभर बी नेऊन दिलं. त्यांनी ते दाताखाली चावून बघितलं आणि मान डोलावली.

चेअरमनसाहेब जागचे हलले नव्हते. “पाणी तुमचं,” ते म्हणाले. “म्या शब्द दिलाय.” त्यांचा चेहरा मात्र उतरला होता, कारण बाग जाणार हे त्यांना दिसत होतं.

मी बायकांकडे पाहिलं. हे आमचं आदल्या दिवशीच बोलणं झालं होतं. मी म्हणाले, “साहेब, कापणी झाली की कार्तिकापर्यंत आमच्या कांद्याला पाणी लागत नाही. उन्हाळ्यातला आमचा वाटा तुमच्या बागेला घ्या. लावणीपासून पुन्हा तो आमचा.”

त्यांनी फेट्याचं टोक डोळ्याला लावलं.

“पण एक अट हाय,” अक्का म्हणाली. “फुलोऱ्यात झाडाला औषध मारायचं न्हाई. बागेत आमच्या कणग्या लागणार हायेत.”

“न्हाई मारणार.”

“हितं न्हाई. विहारात येऊन, समद्यांसमोर म्हणायचं.”

ते आले. चपला काढून ओसरीवर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले. बाग जगली. पुढच्या बहाराला तिच्यात पाच कणग्या होत्या आणि मोसंबीला पूर्वी कधी नव्हतं एवढं फळ धरलं. “माश्यांनी भाडं भरलं,” असं मग तेच त्यांच्या दोस्तांना सांगत.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगते. माश्या वाढल्या की कणगीतून नवा थवा निघे. कधी आमच्याच दुसऱ्या कणगीत शिरे, कधी डोंगराकडे जाई. आम्ही कधी अडवलं नाही. मधही थोडा मिळू लागला. चांगला पाऊस झाला तर दिवाळीनंतर जी कणगी हाताला जड लागे तिची फळी काढून कडेचं एखादं पोळं घ्यायचं, बाकीचं त्यांच्या उन्हाळ्यासाठी ठेवायचं. हे ठरवायचा मान बरीच वर्षं आत्याबाईंकडे होता. त्या कणगीला खालून हात लावून सांगायच्या, “हिचं घ्या,” किंवा “हिला ऱ्हाऊ द्या, लेकुरवाळी हाय.” त्यांच्यामागे ते काम अक्काकडे आलं. बाहेरगावच्या बायका बघायला यायच्या, आणि अक्का त्यांना पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायची: “आत दाणं तर न्हाई ना ठिवले?”

आमच्या सोसायटीतल्या बायका त्या वर्षानंतर उसाला गेल्या नाहीत. त्यांच्या पोरी माझ्या वर्गात दहावीपर्यंत बसल्या. त्यातली एक आज आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते.

तुम्ही याल तेव्हा काय दिसेल ते लिहून थांबते. विहीर आहे, उन्हाळ्यात तिचा तळ दिसतो. सोसायटी आहे, सचिव माझ्याहून पुष्कळ तरुण आहे. बांधावरचा मोठा लिंब वादळात पडला. कणगी विणणारी बाई एकच उरली होती, तिनं दोघींना शिकवलं आहे. विहिरीभोवती आणि बागेत मिळून आज नऊ कणग्या टांगलेल्या आहेत. सातांमध्ये माश्या आहेत.

तुमची,
आजी